जेरेडाइट

‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथात वर्णिलेले अमेरिकेतील एक प्राचीन राष्ट्र. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने हा ग्रंथ 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रसिद्ध केला. त्यातली मुख्य कथा जेरुसलेमहून आलेल्या नेफाइट व लॅमनाइट यांची. जेरेडाइट त्यांच्याही कितीतरी आधीचे, आणि त्यांचा सगळा इतिहास ‘ईथर’ या 15 अध्यायांच्या भागात आटोपतो. हाडांनी भरलेल्या उजाड मुलखात सापडलेल्या 24 सुवर्णपत्रांवरून मोरोनाय या नेफाइट संदेष्ट्याने तो संक्षेपाने लिहिला, असे ग्रंथ सांगतो.

कथा बाबेलच्या बुरुजापाशी सुरू होते. देवाने साऱ्यांच्या भाषेचा गोंधळ केला. जेरेड, त्याचा भाऊ आणि त्यांच्या गोतावळ्याची बोली तेवढी वाचली. गुरे, बियाणे, पाण्यात ठेवलेले जिवंत मासे आणि मधमाश्यांचे थवे घेऊन ते निघाले. (मधमाशीला ग्रंथात ‘डेझरेट’ म्हटले आहे, 1849 मध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी आपल्या नियोजित राज्याला हेच नाव दिले होते.)

समुद्र ओलांडायला त्यांनी आठ बंदिस्त नौका बांधल्या. माथ्यावर आणि तळाला एकेक भोक, हवेसाठी उघडायचे आणि पाणी आले की बुजवायचे. पण आत काळोख! खिडक्या फुटणार, विस्तव पेटवता येणार नाही. तेव्हा जेरेडच्या भावाने खडक वितळवून 16 पारदर्शक खडे घडवले. देवाने ते बोटाने स्पर्शून उजळवले. ते बोट दिसताच तो भाऊ भयाने जमिनीवर कोसळला. 344 दिवसांनी नौका किनाऱ्याला लागल्या. गंमत अशी, की एवढ्या मोठ्या भक्ताचे नाव ग्रंथात नाहीच. ‘माहोनराय मोरियान्कुमर’ हे नाव नंतरच्या मॉर्मन परंपरेने दिले.

राजा नेमाल तर बंदिवास ओढवेल, असे याच भावाने बजावले होते. लोकांनी ऐकले नाही. पुढची बरीचशी वंशावळ बापाला कैदेत टाकणाऱ्या मुलांची आणि गुप्त शपथांनी बांधलेल्या मारेकऱ्यांची आहे. शेवटच्या यादवीत रामाह टेकडीजवळ दोन्ही सैन्ये संपली आणि राजा कोरिआन्टमर व त्याचा शत्रू शिझ हे दोघेच समोरासमोर उरले. कोरिआन्टमरने शिझचे मुंडके उडवले. ईथर हा संदेष्टा हे सारे पाहून लिहीत होता.

मॉर्मन पंथीय हा इतिहास खरा मानतात. त्यांच्यातले काही लेखक जेरेडाइटांचा संबंध मेक्सिकोतील ओल्मेक संस्कृतीशी जोडतात. पंथाबाहेरचे अभ्यासक मात्र ग्रंथ 19व्या शतकातली रचना समजतात. जेरेडाइटांच्या अस्तित्वाचा पुरातत्त्वीय पुरावा त्यांना मान्य नाही. कथेतल्या पोलादी तलवारींवर आणि पाळीव हत्तींवर त्यांचा विशेष आक्षेप आहे.