परक्या मुळांवरची द्राक्षवेल

मिस्साबलीच्या वेळी चषकात ओतला जाणारा द्राक्षारस आपण नित्य पाहतो. परंतु तो कोणत्या मातीत पिकला, हा विचार क्वचितच आपल्या मनात येतो. तो निव्वळ द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, एवढीच धर्मसंहितेची अट आहे. रंगाचे वा प्रदेशाचे बंधन नाही. तरीही मराठवाड्यातील आपल्या धर्मसभेचा इतिहास चाळताना युरोपातील एका थंड मुलखाची व तेथील तांबड्या द्राक्षारसाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

तो मुलूख म्हणजे आल्प्सच्या कुशीतील सॅव्हॉय. संत फ्रान्सिस डी सेल्स यांची कर्मभूमी असलेल्या तेथील आन्सी या गावी १८३८ साली फादर पिएर मेर्मिए यांनी त्या संताच्या नावाने मिशनरी संघ स्थापन केला. सॅव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. १८६० साली ते फ्रान्सला जोडले गेले. या संघाचे पहिले मिशनरी १८४५ साली भारताकडे निघाले व पुढे विशाखापट्टणमला पोहोचले. पुढे त्यांचे कार्य नागपूरकडे व तेथून निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात पसरले. घोगरगावच्या परिसरात फादर गुरियन जाकिए यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. नांदेड जिल्हा त्यातच मोडतो.

सॅव्हॉयच्या इझेर नदीच्या खोऱ्यात, दक्षिणाभिमुख चुनखडीच्या उतारांवर, ‘मोंद्यूझ’ नावाचे काळे द्राक्ष पिकते. आर्बँ हे गाव त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. उष्ण प्रदेशात द्राक्षातील साखर झपाट्याने वाढते व आंबटपणा लवकर ओसरतो. थंड प्रदेशात फळ सावकाश पिकते आणि आंबटपणा टिकतो. म्हणूनच मोंद्यूझचा रस रंगाने गडद, चवीला तुरट-आंबट व मिऱ्याच्या गंधाचा असतो. त्यात मद्यार्क मात्र बेताचाच असतो. थंडीत पिकणाऱ्या काळ्या द्राक्षाचा उल्लेख या मुलखातील प्राचीन अ‍ॅलोब्रोजेस जमातीच्या संदर्भात रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकातच केला आहे. त्याचाच समकालीन कोलुमेला सांगतो, की या वेलीच्या रसाची गोडी प्रदेशागणिक पालटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या सूक्ष्म किडीने युरोपातील वेलींची मुळे पोखरली. सॅव्हॉयचे मळेही उजाड झाले. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेतच: किडीला दाद न देणाऱ्या रानटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर आपल्या वेलीचे कलम बांधायचे. मोंद्यूझ वाचली ती अशी, परक्या मुळांवर.

आता आपल्या भूमीकडे वळू. द्राक्ष मराठवाड्याला नवे नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची व डाळिंबांची नोंद केली असून ती वर्षातून दोनदा येतात, असे लिहिले आहे. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने वेल झोपी जात नाही. म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो, आणि थंडीचे महिने पार करून फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे काढतो. सॅव्हॉयला जो गारवा डोंगर देतो, तो आपल्याला काही अंशी ऋतूकडून उसना घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात तांबड्या द्राक्षारसासाठी जे ‘शिराझ’ द्राक्ष लावले जाते, त्याचे मूळ नाव सिरा. ते पर्शियाचे नव्हे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या जनुकीय तपासणीतून त्याची माता सॅव्हॉयची मोंद्यूझ ब्लांश व पिता दक्षिण फ्रान्सचे द्युरेझा असल्याचे सिद्ध झाले. काळी मोंद्यूझही याच गोतावळ्यातली. म्हणजे ज्या भूमीने आपल्याला मिशनरी दिले, तिच्याच वेलीचे अपत्य नाशिकच्या मळ्यांत वाढत आहे! आणि महाराष्ट्रातील अनेक मळ्यांत वेल उभी असते ती ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर; कारण क्षारयुक्त जमिनीत व पाण्याच्या टंचाईत तो तग धरतो.

२००१ साली राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. लातूरकडे द्राक्षबागा असूनही हा उद्योग तेथे तसा रुजला नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने मराठवाड्यात ऐन काढणीच्या दिवसांत पिके झोडपली, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. जेथे घागरभर पाण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात, तेथे नवा मळा लावताना प्रथम विहिरीची व शेजाऱ्याच्या तहानेची चौकशी करणे हा केवळ व्यवहार नव्हे, न्यायही आहे.

संत पौलाने रोमकरांस लिहिताना रानटी जैतुनाच्या कलमाचा दाखला दिला आहे. कलमाने वेल आपला गुण सोडत नाही, पण तिला उभे राहावे लागते ते त्या त्या जमिनीला मानवणाऱ्या मुळांवरच. सॅव्हॉयहून आलेल्या धर्मगुरूंनी मराठी शिकून येथल्या खेड्यांत आयुष्य वेचले, त्याचे मर्म हेच होते. त्यांनी लावलेल्या वेलीला आज लागणारे पाणी आपण आपल्याच आडातून शेंदले पाहिजे.