राग दुसऱ्या दुकानाचा, एक स्टार तुमच्या नावावर? गुगलवरचा चुकीचा रिव्ह्यू असा हाताळा

जेवायला थांबायचं असो की ट्रॅक्टर दुरुस्तीला न्यायचा असो, गिऱ्हाईक आधी मोबाईलवर गुगल मॅप उघडून स्टार बघतं. पण साईकृपा, माउली, श्री गणेश ही नावं गावोगावच्या पाट्यांवर असतात. वडगाव, पिंपळगावही एक नाहीत. त्यामुळे एका हॉटेलात शिळी भाजी मिळाली आणि एक स्टार पडला तिसऱ्याच तालुक्यातल्या हॉटेलला, असं होतं.

लहान दुकानाला हा फटका मोठा बसतो. तीन गिऱ्हाईकांनी पाच-पाच स्टार दिले असतील, तर एका चुकीच्या एक स्टारने सरासरी ५ वरून थेट ४ वर येते. शंभर रिव्ह्यू असलेल्या दुकानाला तोच एक स्टार जाणवतही नाही.

आधी खात्री करा

रिव्ह्यू वाचून लगेच भांडायला जाऊ नका. त्यात लिहिलेली वस्तू तुम्ही विकता का? त्या दिवशी दुकान उघडं होतं का? फोटो टाकला असेल तर तो तुमच्याच दुकानाचा आहे का? बिलबुक आणि कामावरच्या पोरांकडून माहिती घ्या. तक्रार खरी निघाली, तर चूक सुधारणं हाच उपाय.

उत्तर द्या, पण शांतपणे

उत्तर देण्यासाठी दुकानाचं गुगल बिझनेस प्रोफाईल तुमच्या नावावर व्हेरिफाय झालेलं हवं. ते मोफत आहे. उत्तर साधं ठेवा: ‘नमस्कार. आपण लिहिलेली वस्तू आमच्याकडे मिळत नाही. आपला रिव्ह्यू याच नावाच्या दुसऱ्या दुकानासाठी असावा असं वाटतं. कृपया एकदा तपासून बदलावा.’ लिहिणाऱ्याला आपला रिव्ह्यू केव्हाही बदलता किंवा काढता येतो. उत्तर पुढची गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून शिवीगाळ नको आणि कुणाचा फोन नंबरही टाकू नका.

रिपोर्ट कसा करायचा?

१. गुगल मॅपवर दुकान उघडून तो रिव्ह्यू शोधा. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.
२. रिव्ह्यूजवळच्या तीन टिंबांवर दाबा.
३. ‘रिव्ह्यू रिपोर्ट करा’ हा पर्याय निवडा.
४. कारण निवडा: विषयाशी संबंध नाही, स्पॅम, शिवीगाळ, हितसंबंध वगैरे.

निकाल यायला काही दिवस लागतात. रिपोर्ट फेटाळला गेला तर मालकाला एकदा अपील करता येतं. मात्र ‘रिव्ह्यू आवडला नाही’ एवढ्यावर गुगल तो काढत नाही. मालक आणि गिऱ्हाईक यांच्यात खरं कोण, याचा निवाडाही करत नाही.

घोळ मुळातूनच थांबवा

मॅपवरची खूण नेमकी दुकानावर आहे का, ते बघा. पत्ता, तालुका, फोन नंबर आणि वेळ बरोबर भरा. पाटीचा ठळक फोटो टाका. पाटीवर जे नाव आहे तेच मॅपवर ठेवा.

हे मात्र करू नका

पैसे देऊन किंवा सवलतीचं आमिष दाखवून पाच स्टार घेऊ नका. ते नियमात बसत नाही. स्वतःच्या दुकानाला घरच्यांकडून स्टार देणंही टाळा.

‘गुगलमधून बोलतोय, पैसे भरा, खराब रिव्ह्यू काढून देतो’ असा फोन आला तर लगेच ठेवा. ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा. रिव्ह्यू टाकून कुणी खंडणी मागत असेल, तर मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाणे गाठा.

समाधानी गिऱ्हाइकाला जाताना ‘दादा, खरं वाटलं ते गुगलवर लिहा’ एवढंच सांगा. खरे रिव्ह्यू वाढले की एखादा चुकीचा स्टार आपोआप मागे पडतो.