दरबारी इस्पितळाचा जमाखर्च
कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावरून टाऊन हॉलकडे जाताना जी पाषाणी वास्तू दृष्टीस पडते आणि जिला करवीरकर ‘सीपीआर’ या त्रोटक आद्याक्षरांनीच ओळखतात, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय संस्थानी अमदानीत आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने नांदत होते. १८९४ साली अधिकारसूत्रे हाती घेतलेल्या शाहू महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभीच दुष्काळ आणि प्लेग यांनी खजिन्यावर लागोपाठ घाला घातला. तरीही औषधपाण्याच्या तरतुदीबरोबर, आणि मला तर हेच अधिक दूरदर्शी वाटते, माणसे घडविण्याचा खर्चही दरबाराने पत्करला व डॉ. कृष्णाबाई केळवकरांना वैद्यकाच्या उच्च शिक्षणार्थ विलायतेस धाडले. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा हा जमाखर्च दरबारी दप्तरातून सरकारी अंदाजपत्रकात गेला. पुढे यंत्रे आली, शस्त्रक्रिया महागल्या, खासगी इस्पितळे वाढली. आणि २०१३ पासून राज्यभर लागू झालेल्या, पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभलेल्या आरोग्य योजनेने कुटुंबामागे सालीना दीड लाखाची हमी दिली, म्हणजे इस्पितळ पोसणारा खजिना आता रोग्याच्या बिलाचाही जामीन झाला. मात्र त्यासाठी प्रथम दाखवावी लागे ती पिवळी वा केशरी शिधापत्रिका.