‘वाढीचे दुखणे’ : एका नावाचा इतिहास

१/ दिवसभर हुंदडलेले मूल रात्री पोटऱ्या धरून रडते. उमरीतली आई कोमट तेलाने पाय चोळते, ‘वाढीचं वय आहे’ म्हणते. सकाळी तेच मूल शाळेकडे धावते.

२/ ‘वाढीचे दुखणे’ हे नाव वैद्यकात आले ते द्युशाँ या फ्रेंच वैद्याच्या १८२३ मधील लेखनातून.

३/ पुढे त्यावर संशयाची छाया पडली. हृदयाच्या झडपा निकामी करणाऱ्या संधिवाती ज्वराचेच हे सौम्य रूप, असे अनेक डॉक्टर मानू लागले. निदान चुकले तर दोन्हीकडून घात होता : आजारी हृदय दुर्लक्षिले जाई किंवा निरोगी मूल रोगी ठरे.

४/ १९५१ मध्ये ब्रिटनच्या नेश आणि ॲप्ली यांनी कसोटी मांडली : किमान तीन महिने अधूनमधून होणारे, झोपमोड करणारे, पण सांध्यांत नसलेले दुखणे.

५/ नाव मात्र फसवेच. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती तान्हेपणी व पौगंडावस्थेत. हे दुखणे येते प्रामुख्याने ३ ते १२ या वयात.

६/ शेक आणि चोळणे हाच आजही पहिला उपाय. मात्र एकाच पायात दुखणे, सांध्याला सूज, ताप किंवा सकाळचे लंगडणे दिसले, की डॉक्टर गाठावा. १९५१ च्या कसोटीचा अर्थ तोच.