मोजून भरलेली दारू

"शनिवारी एकांकडे दारू कशी मोजतात ते बघायला चाललोय," असं मी आईला फोनवर सांगितलं आणि पलीकडे शांतता पसरली. "बंदुकीची गं!" असं घाईघाईने जोडावं लागलं. त्यानेही तिचा जीव भांड्यात पडला असेल असं वाटत नाही.

दोष शब्दाचा नाही. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूचं नाव 'आगीचं औषध' असंच आहे. आणि औषध म्हटलं की मात्रा आली.

ज्यांच्याकडे गेलो ते आमच्या विभागातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, इथे ड्युसेलडॉर्फमधल्या एका नेमबाजी क्लबचे जुने सभासद. स्वतःची काडतुसं स्वतःच भरतात. जर्मनीत त्यासाठी स्फोटकांच्या कायद्याच्या २७व्या कलमाखाली परवाना लागतो आणि त्याआधी अभ्यासक्रम व परीक्षा. मी अर्थातच हात खिशात घालून उभा होतो.

माझी समजूत अशी, की चांगली दारू म्हणजे जोरदार दारू. ती त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मोडली. बंदुकीत दारूने स्फोट पावायचं नसतं, जळायचं असतं. प्रश्न असतो तो किती वेगाने. पिस्तुलाच्या आखूड नळीला झटकन जळणारी दारू लागते, रायफलच्या जड गोळीला सावकाश जळणारी. जड गोळीमागे घाईची दारू घातली, तर गोळी पुढे सरकायच्या आतच दाब चढतो आणि बंदूक फुटू शकते. म्हणून उत्पादकाच्या छापील तक्त्याबाहेर ते पाऊल टाकत नाहीत. तक्त्यात बसणाऱ्या दोन-तीन दारूंमधून निवड करताना तीन गोष्टी बघतात. काडतूस बऱ्यापैकी भरतं का? कारण अर्धवट रिकामं राहिलं, तर आतली दारू दर वेळी वेगळी पसरते. जानेवारीच्या थंडीत आणि जुलैच्या उन्हात ती सारखीच वागते का? आणि गोळ्यांचे वेग एकमेकांच्या किती जवळ येतात? पाच गोळ्या झाडायच्या, वेग आणि कागदावरच्या भोकांमधलं अंतर मोजायचं, वहीत लिहायचं. सगळ्यात वेगवान भरण सगळ्यात नेमकी असेलच असं नाही. नेमकेपणा सारखेपणातून येतो.

ती वही बघताना मला रामचंद्रपंत अमात्य आठवले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या 'आज्ञापत्रा'त त्यांनी गडावरच्या दारूखान्याची व्यवस्था सांगितली आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, ओल लागू नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू व बाण बाहेर काढून उन्हं देऊन पुन्हा मोहोरबंद करावेत. सह्याद्रीतला पावसाळा बघितलेल्याला याचं महत्त्व सांगायला नको. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ती काळी दारू दमट झाली, की कधी पेटे, कधी नुसतीच फुसफुसे. आणि नीट पेटली तरी जळून निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होई.

हे चित्र १८८४ मध्ये पालटलं. पॅरिसमध्ये पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोज ईथर आणि अल्कोहोलमध्ये मळून त्याचे पातळ पत्रे लाटले आणि कापून बारीक चकत्या केल्या. असा कण पृष्ठभागाकडून आत, थराथराने जळतो. म्हणजे जळण्याचा वेग कणाच्या आकारावरून आणि जाडीवरून ठरवता येऊ लागला. धूरही जवळपास नाहीसा झाला. १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याला या दारूची लेबेल रायफल मिळाली आणि जर्मनीची झोप उडाली.

घाईघाईत जर्मन लष्करी आयोगाने १८८८ची रायफल उभी केली. तिच्या काडतुसांसाठी १८८९ मध्ये ड्युसेलडॉर्फमध्ये हाइनरिश एअरहार्ट यांनी नवी कंपनी काढली आणि तिचा कारखाना डेरेनडॉर्फ भागात उभा राहिला. तीच आजची ऱ्हाइनमेटाल. तंत्रज्ञ आजोबांच्या रायफलचं काडतूस त्याच ८८च्या काडतुसाचा वंशज आहे.

पण नवी दारू, पितळ, गोळी आणि नळीतले आटे यांचा मेळ पुरता बसायच्या आत बंदूक शिपायांच्या हाती गेली होती. काही बंदुका फुटल्या. इथे खरं तर वही उघडायला हवी होती. त्याऐवजी १८९२ मध्ये हेर्मान आल्वार्ट नावाच्या बर्लिनच्या एका मुख्याध्यापकाने 'ज्यूंच्या बंदुका' अशी पुस्तिका काढली. या बंदुका बनवणाऱ्यांपैकी लुडविग लोएवे ही कंपनी ज्यू मालकांची होती. तिने जर्मन सैन्य दुबळं करायला मुद्दाम निकृष्ट माल दिला, असा आरोप. वास्तविक आराखडा लष्करी आयोगाचा होता आणि त्याच बंदुका सरकारी कारखान्यांतही बनत होत्या. कोर्टाने आल्वार्टला बदनामीबद्दल पाच महिन्यांची कैद सुनावली. पण त्याच वर्षी मतदारांनी त्याला राइशस्टागमध्ये निवडून दिलं. आरोप खोटा ठरूनही त्याचं काम करून गेला. पुढची चाळीस-पन्नास वर्षं आपल्याला ठाऊक आहेत.

आटे खोल करणं, गोळी बदलणं, या दुरुस्त्या मागाहून झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोळीचा व्यास किंचित वाढला. आजही जुन्या आणि नव्या काडतुसाच्या नावात एका अक्षराचा फरक असतो, आणि जाड गोळी जुन्या नळीत घालणं धोक्याचं ठरू शकतं. आजोबा ते अक्षर दर वेळी चष्मा लावून वाचतात.

निघताना मी त्यांची वही पुन्हा चाळली. जिथे गोळ्या विखुरल्या होत्या, तिथे समासात कारण लिहिलेलं. कुठे 'वारा', कुठे 'जुनं पितळ'. आणि सगळ्यात जास्त वेळा एकच छोटा शब्द: 'मी'.

रात्री आईचा फोन आला. "मोजली का दारू?"

"मोजली. त्यांनी मोजली, मी बघितली."

"आणि चुकलं तर?"

"लिहून ठेवतात," मी म्हटलं.