पोप हेनेसी

१४. ‘गव्हर्नर पोप हेनेसी’ : सर जॉन पोप हेनेसी (१८३४–१८९१). ‘पोप’ हा नावाचाच भाग. रोमच्या धर्मगुरूपदाशी त्याचा संबंध नाही. जन्म आयर्लंडमधील कॉर्क येथे. कॅथलिक असूनही हुजूर पक्षातर्फे १८५९ ते १८६५ ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद. १८६७पासून लाबुआन, पश्चिम आफ्रिका, बहामा, बार्बाडोस येथे गव्हर्नर. हाँगकाँगमध्ये (१८७७–८२) त्यांनी फटक्यांच्या शिक्षेला आळा घातला आणि १८८०मध्ये विधिमंडळावर पहिला चिनी सभासद नेमला. तिथले गोरे व्यापारी त्यामुळे बिथरले. प्रस्तुत उतारा त्यांच्या मॉरिशसमधील कारकिर्दीबद्दल (१८८३–८९) आहे. १८८५च्या सुधारणेने तेथील कौन्सिलात प्रथमच दहा लोकनियुक्त सभासद आले. मात्र मताधिकाराला मालमत्तेची व उत्पन्नाची अट होती. उसाच्या मळ्यांवर राबणारे हिंदी मजूर, त्यांतली कोकणातून गेलेली मराठी कुटुंबेही, जवळजवळ सगळी बाहेरच राहिली. उताऱ्यातला ‘आमचे राज्य आले’ हा उद्गार वाचताना हे विसरू नये. १८८६मध्ये हेनेसी यांना निलंबित करण्यात आले, पण लंडनने पुढच्याच वर्षी पुन्हा पदावर बसवले. निवृत्तीनंतर डिसेंबर १८९०मध्ये आयर्लंडमधील उत्तर किल्केनीच्या पोटनिवडणुकीत त्यांनी आयरिश नेते पार्नेल यांच्या उमेदवाराला हरवले. प्रचार इतका कडवट, की कासलकोमर गावात पार्नेल यांच्या डोळ्यांत कुणीतरी चुना फेकला. पार्नेल ६ ऑक्टोबर १८९१ रोजी वारले, हेनेसी दुसऱ्याच दिवशी.