रझांचे 'तपोवन' आणि बाजारातली तसवीर

मार्च २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहात सय्यद हैदर रझा यांचे 'तपोवन' हे चित्र ४४ लाख ५२ हजार ५०० डॉलरला विकले गेले. म्हणजे सुमारे २९ कोटी रुपये. चित्र १९७२ सालचे, ॲक्रिलिक रंगातले. रझा तोवर दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आपल्याकडे तसवीर म्हटले की काहींच्या कपाळाला आठी पडते. पण या चित्रात कुणाचा चेहराच नाही. आहे तो रंगांचा कल्लोळ. मग लोकांनी एवढे पैसे कशाचे मोजले? हा प्रश्न आमच्या वर्गातली मुलेही विचारतात, आणि तो रास्त आहे.

रझांचा जन्म १९२२ चा, मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातला. वालिद जंगल खात्यात नोकरीला. दिवसा झाडी आणि रात्री किर्र काळोख, यातच बालपण गेले. शाळेत या मुलाचे चित्त काही केल्या थाऱ्यावर येईना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितले. पुढे रझांच्या चित्रांत 'बिंदू' अवतरला त्याचे मूळ ते स्वतः याच ठिपक्यात सांगत. आम्ही पेशाने शिक्षक, म्हणून ही हकीकत जरा जास्तच जवळची वाटते. बी.एड.च्या पुस्तकात असला इलाज नव्हता!

नागपूरच्या कलाशाळेतून रझा मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये आले. १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप उभा केला. त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत आणि कदरदानांत हिटलरच्या छळामुळे युरोपातून मुंबईत आलेली श्लेझिंगर, लँगहॅमर, लायडन ही मंडळी होती. एक बेघर दुसऱ्याची कला ओळखत होता, असे म्हणावेसे वाटते. फाळणीने रझांचेही घर फुटले. भाऊबंद आणि पहिली पत्नी पाकिस्तानला गेली; रझा गेले नाहीत.

१९५० मध्ये ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि पुढची साठ वर्षे मुक्काम फ्रान्सलाच राहिला. पण चित्राला खरे वळण मिळाले ते १९६२ मध्ये अमेरिकेत. बर्कलेच्या विद्यापीठात ते शिकवायला गेले होते. अमूर्त अभिव्यक्तिवाद त्या वेळी तिथे जोरात होता : वस्तू काढायची नाही, मनातली हालचालच सरळ कॅनव्हासवर उतरवायची. रॉथकोच्या रंगांनी रझांना हलवून सोडले. पुढे तैलरंग मागे पडले आणि ॲक्रिलिक आले. तैलरंग वाळायला दिवसच्या दिवस लागतात. ॲक्रिलिक पाण्यात कालवता येते, झरझर वाळते, आणि हाताच्या वेगाबरोबर धावते. त्या वेगात मंडल्याचे जंगल परत आले. 'तपोवन' ते हेच.

ॲक्रिलिकमधलेच 'सौराष्ट्र' (१९८३) जून २०१० मध्ये लंडनला सुमारे १६ कोटी ४२ लाखांना गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या पंडोल्समध्ये 'जेस्टेशन' (१९८९) ५१ कोटी ७५ लाखांना. किंमत चढली तशी नक्कलही चढली. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीत रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करायला गेले, तर भिंतीवरची बहुतेक चित्रे बनावट! 'अस्सल' या शब्दाचे मोल त्या दिवशी सत्त्याऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

आणखी एक बाब आपल्या होतकरू चित्रकारांना माहीत असावी. चित्रकाराने चित्र विकले की पुढच्या विक्रीत त्याचे काही उरत नाही, हा समज पुरता खरा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजारांवर झाली तर कलावंताला किंवा त्याच्या वारसाला त्यात हिस्सा मागता येतो. तो दहा टक्क्यांपर्यंत ठरू शकतो. कायदा आहे, पण हक्क मागणारे किती? पहिले चित्र भाड्यासाठी विकणाऱ्या पोराला कलम सांगणार कोण?

रझा २०१० च्या अखेरीस कायमचे भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे मय्यत मंडल्याला नेली, आणि वालिदांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले.